बाहेरचं वातावरण

१२ फेब्रुवारी २०२६, गुरुवार, सकाळी ११.४०

उद्योग कार्यालयातून फोन आला. सूत डेपो बुऱ्हाणपूरला मिळणार नाही. का, तर जानेवारीच्या पाहणीत आमच्या सतराच्या सतरा लूमवाल्यांनी 'सगळं स्थिर' असं लिहून दिलंय म्हणे!

स्थिर? सुताचा भाव सकाळी एक, संध्याकाळी दुसरा. वीज तिच्या मर्जीने येते. व्यापारी आज माल उचलतो, उद्या फोनही उचलत नाही. डेपोत महिनाभर एकच भाव राहणार होता. त्याच आशेवर माझा धाकटा भाऊ लीलाधर आठ लूम धरून बसलाय. कोणत्या गाढवाने भरले हे फॉर्म?

१३ फेब्रुवारी

लीलाधर आला. चहा घेतला नाही. लूम न्यायला भंगारवाला सोमवारी येतोय म्हणाला. मी म्हटलं, थांब, कार्यालयाला जाब विचारते.

"ताई, धंदा वाईट आहे ते चालते मले. उद्या कसा राहील तेच समजत नाही, ते नाही चालत."

१४ फेब्रुवारी

फॉर्मच्या प्रती मागवल्या. पत्र इंग्रजीत — शाळेत नन्सनी शिकवलेल्या. एक स्वल्पविराम चुकलेला सापडणार नाही.

१५ फेब्रुवारी

त्याचे लूम बंद. गल्लीत तेवढीच जागा मुकी.

१६ फेब्रुवारी, सोमवार

दुपारी प्रती मोबाईलवर आल्या. अक्षर माझं.

जानेवारीत फॉर्म इंग्रजीत होते म्हणून लीलाधरनेच मला बोलावलं होतं; ते याच पाहणीचे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. धर्मशाळेत बसून 'एक्स्टर्नल एन्व्हायर्नमेंट'चा, म्हणजे बाजार, भाव, वीज यांचा प्रश्न एकेकाला शब्दशः मराठीत विचारत गेले: बाहेरचं वातावरण कसं आहे? सगळे म्हणाले, चांगलं आहे ताई. मान वर न करता मी 'स्थिर'वर खूण करत गेले. मनात म्हटलंही, खोटारडे, रडायची लाज वाटते.

लीलाधरला फोन लावला. "तू वातावरण विचारलं, आम्ही खिडकीतून पाह्यलं. ऊन चांगलं होतं. रांगेत माझ्या मागचे कौतिकभाऊ तर म्हणाले, थंडी बी कमी झाली."

मी म्हटलं, मग कोणी अर्थ का नाही विचारला?

त्याच्या मागे लोखंड ओढल्याचा आवाज. "तुला परत कोण विचारणार, ताई?"

१७ फेब्रुवारी

कार्यालयाला कळवलं: चूक माझी, फॉर्म पुन्हा भरून घ्या. मुदत संपली म्हणाले.

१८ फेब्रुवारी

स्वतःलाच नोटीस: कुसुम, सतरा जणांना तू काय केलंस ते लेखी कळव. शुक्रवार, २० तारीख, संध्याकाळी पाचच्या आत. मराठीत. त्यांच्या.