वैदर्भीदेवींसाठी कपाट

८ फेब्रुवारी १९५९, रविवार. अमरावती.

आजचा दिवस संगीताच्या इतिहासात नोंदला जाईल. तूर्त या रोजनिशीत नोंदतो.

इतवारा बाजारात एका भंगारवाल्याच्या घागरीवर झाकण म्हणून रेकॉर्ड ठेवलेली दिसली. लेबल पार गेलेले. माल जुना आहे हे माझ्या अनुभवी नजरेने लगेच ओळखले. भंगारवाल्याने विचारले, मंग घागरीवर काय ठेवू? लोकांना दृष्टीच नाही. घरी जाऊन ॲल्युमिनियमची ताटली आणून दिली. (वच्छलेला सांगायचे नाही.)

संध्याकाळी ६. फोनोला चावी दिली. नवी पिन लावली. आधी नुसती खरखर. मग त्यातून एका स्त्रीचा आवाज. काय आवाज! अंगावर काटा आला. आजवर जमवलेल्या सगळ्या रेकॉर्डी एकीकडे आणि ही एकीकडे.

सासूबाई "अवो, हे तं..." म्हणत स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. हाताने थांबवले. रेकॉर्ड चालू असताना बोलायचे नाही, हा या घरचा नियम आहे. तो त्यांना इतक्या वर्षांत समजलेला नाही.

११ फेब्रुवारी.

रेकॉर्ड वीस वेळा तरी ऐकली असेल. शब्द लागले:

जवाई जेवला बारा पुरनपोया,
तरी सासूच्या ताटावर त्याचा डोया.

सामान्य माणूस हे ऐकून हसेल. अर्थ खोल आहे. जावई म्हणजे जीव, परक्या घरी पाहुणा आलेला. बारा पोळ्या म्हणजे बारा महिने. सासू ही माया. तिच्या ताटावर जिवाचा डोळा आहे, म्हणजेच वासना सुटत नाही. किती थोडक्यात सांगितले आहे! 'पोया', 'डोया' ही रूपे यादवकालीन असावीत.

हे सर्व वच्छलेला समजावून सांगितले. ती म्हणाली, भाजी काय करू?

१५ फेब्रुवारी, रविवार.

गायिकेला नाव हवे. नाव नसले की लोक ऐकत नाहीत. 'वैदर्भीदेवी' ठरवले. एवढ्या ताकदीचा आवाज आणि एकच रेकॉर्ड, याचा अर्थ उघड आहे. एखाद्या संस्थानात आश्रय, पुढे उपेक्षा, शेवटी क्षय. मृत्यू साधारण १९२७. यापुढे 'कै.' लावत जाईन.

२२ फेब्रुवारी, रविवार.

पुराव्यासाठी रिद्धपूरला जाऊन आलो. महानुभावांकडे जुने धवळे, जुनी पदे पुष्कळ. मठातल्या वृद्ध महंतांना दोन्ही ओळी म्हणून दाखवल्या. त्यांनी त्या पुन्हा एकदा म्हणायला लावल्या. मग म्हणाले, हे आमचं नाही, घरी बायामाणसांना विचारा. विद्वान माणसेसुद्धा जबाबदारी कशी टाळतात पाहा. येताना बसमध्ये उभा होतो.

२८ फेब्रुवारी.

नवी कटकट. मी रेकॉर्ड लावली की सासूबाई आत भाकरी थापता थापता गुणगुणतात. तेही रेकॉर्डच्या पुढे पुढे. ओळ फोनोवर येण्याआधीच स्वयंपाकघरातून येते. भिंतीपलीकडून ऐकून ऐकून पाठ झाले असणार. पोपटही शिकतो. वच्छलेमार्फत समज दिली की कै. वैदर्भीदेवींच्या गाण्याची अशी टवाळी मला चालणार नाही.

आतून दोघींच्या हसण्याचा आवाज आला. दार लावून घेतले.

१ मार्च, रविवार.

संकल्प: (१) वैदर्भीदेवींवर व्याख्यान, अकोल्यात. (२) या रेकॉर्डसाठी स्वतंत्र सागवानी कपाट. (३) चहा कमी.

आपल्याकडचा उन्हाळा म्हणजे रेकॉर्डचा काळ. एक दुपार उन्हात राहिली की पापडासारखी वाकते. घरभर हात लावून पाहिला. माजघराचा मागचा कोपराच काय तो गार. तिथे सासूबाईंची खाट आहे.

८ मार्च, रविवार.

खाटेचा विषय काढला. मुद्देसूद बोललो. सासूबाईंना स्वतःचा मुलगा आहे. गोवर्धनचे अकोल्यात फुलांचे दुकान आहे. विधवा आईने लेकीकडे किती वर्षे राहावे, याला काही रीत आहे. मी आजवर अवाक्षर काढले नाही, हा माझा चांगुलपणा.

वच्छला म्हणाली की गोवर्धनकडे एकच खोली आहे आणि माणसे पाच. शिवाय हे घर बांधताना मायनेच पाटल्या मोडल्या होत्या. हा पाटल्यांचा विषय दर वेळी निघतो. मी म्हटले, प्रश्न पाटल्यांचा नाही, तपमानाचा आहे.

सासूबाई सुपारी कातरत ऐकत होत्या. म्हणाल्या, "जवाईबुवा, त्या एका तव्यासाठी मले काढून रायले का?" रेकॉर्डला त्या तवा म्हणतात.

१४ मार्च.

सासूबाई सकाळच्या गाडीने गेल्या. मी स्वतः स्टेशनवर पोचवले. गाडी सुटताना डोळे जरा ओलावले. कोळशाचा कण असावा.

दुपारी सुतार आला.

२९ मार्च, रविवार.

कपाट आले. अप्रतिम. कोपऱ्यात असे बसले की जणू घर त्याच्यासाठीच बांधले होते. सर्वात वरच्या कप्प्यात, मखमलीवर, वैदर्भीदेवी.

जेवताना वच्छलेने एक विलक्षण गोष्ट सांगितली. हे गाणे म्हणे तिच्या आईचे! पहिल्या महायुद्धानंतर कोण्या कंपनीची माणसे अमरावतीत उतरली होती. एका खोलीच्या भिंतींना गोधड्या टांगल्या आणि लग्नांत गाणाऱ्या बायांना एकेक करून भोंग्यात तोंड घालून गायला लावले. सासूबाईंना लुगडे मिळाले. त्या पहिल्या दिवसापासून मला हेच सांगायला येत होत्या आणि मी हात वर करत होतो, असेही वच्छलेचे म्हणणे.

शांतपणे विचारले, पुरावा? करारपत्र? ती म्हणाली, "लुगड्याचं काय करारपत्र असते? मायचा आवाज मले समजत नाई का?"

भावनेच्या भरात माणसाचा कान फसतो. वैदर्भीदेवी क्षयाने वारल्या. सासूबाई हयात आहेत. इतका साधा मुद्दा आहे. पण बायकोशी वाद घालू नये म्हणून विषय वाढवला नाही.

५ एप्रिल.

अकोल्याच्या सुरसंवर्धन मंडळाने व्याख्यानाला होकार दिला. अध्यक्ष वामनराव निवृत्त वकील, सज्जन गृहस्थ. त्यांनी विचारले, गाणे कसले आहे? म्हटले, ऐकाल तेव्हा कळेल. तारीख १९. वच्छलाही येते म्हणाली. बरे वाटले. शेवटी तिलाही गोडी लागली.

१८ एप्रिल.

रेकॉर्ड ओल्या फडक्यात, वर केळीची पाने, वर टॉवेल. उद्या पहाटेच निघायचे म्हणजे ऊन लागणार नाही. भाषण पाठ आहे. शेवटी 'कै.' म्हणताना जरा थांबायचे, म्हणजे लोक हळहळतील.

२० एप्रिल, सोमवार.

व्याख्यान झाले. नीट लिहून ठेवतो, कारण लोक काहीबाही सांगतील.

गर्दी उत्तम होती. पुढे मंडळी, उजव्या अंगाला बायका. गोवर्धन हार घेऊन आला होता (मंडळाला हार तोच पुरवतो). बरोबर सासूबाई. त्यांना कोणी बोलावले माहीत नाही. वच्छलेला विचारले तर ती पदर नीट करत बसली.

मी पाऊण तास बोललो. संस्थान, उपेक्षा, क्षय. 'कै.' म्हणताना थांबलो. सभा सुन्न. मग रेकॉर्ड लावली.

पहिल्याच ओळीला बायकांत हशा. दुसऱ्या ओळीला पुरुषांत. मी हात वर केला. कोणी जुमानले नाही. रेकॉर्ड संपली, पिन उचलली, आणि आवाज मात्र चालूच! तोच आवाज. मी खरोखर वाकून भोंग्यात पाहिले. माझ्याबरोबर वामनरावांनीही पाहिले. आवाज उजवीकडून येत होता. सासूबाई बसल्या जागेवरून गात होत्या आणि बाकीच्या बायका ओळ उचलत होत्या:

जवाई बसला फतकल मांडून,
सासूले म्हन्ते, जाय घर सांडून.

वामनराव हसून हसून बेजार. त्यांनीच उभे राहून सभेला सांगितले की लग्नाच्या पंगतीत नव्या जावयाची टर उडवायला बाया हे गाणे म्हणतात, वऱ्हाडात हे पोरासोरांना माहीत आहे. आणि म्हणणारीने शेवटची ओळ त्या त्या जावयावर तिथल्या तिथे जोडायची असते, नाहीतर गाणे अर्धे राहिले असे मानतात. मग ते माझ्याकडे वळले. म्हणाले, भगवंतराव, तुमच्या लग्नात नव्हतं का हो म्हटलं? सासूबाईच म्हणाल्या, "मीच तं म्हनलं होतं! हे जेवून रायले होते."

मला आठवत नाही. जेवताना मी इकडेतिकडे पाहत नाही.

तेवढ्यात कोणीतरी ओरडले, मायबाई, शेवटची ओळ होऊ द्या! सासूबाईंनी माझ्याकडे एकदा पाहिले. मी मानेने नको म्हटले. स्पष्ट नको म्हटले.

जवाईबुवानं तव्याले केलं कपाट,
सासूची काढली भाईर खाट.

माझ्यासाठी आणलेला हार वामनरावांनी सासूबाईंना घातला. बायकांनी ती ओळ सात-आठ वेळा म्हटली. वच्छलाही म्हणत होती.

एकूण व्याख्यान यशस्वी. विषयात लोकांनी रस घेतला.

२४ एप्रिल.

कचेरीत पट्टेवाला फाइल ठेवता ठेवता 'खाट' असे गुणगुणत होता. विचारले तर म्हणाला, काई नाई साहेब. अकोल्याची गाडी रोज येते, हे विसरलो होतो.

३ मे, रविवार.

पुष्कळ विचार केला. संशोधकाने नवा पुरावा आला की मत बदलावे. समजा, केवळ समजा, त्या सासूबाईच आहेत. तरी शोध माझाच. घागरीवरून कोणी उचलली? तेव्हा संकल्प: त्यांना परत आणणे. रोज संध्याकाळी एक तास मुलाखत. ग्रंथ.

१० मे, रविवार. अकोला.

गोवर्धनकडे गेलो. ऊन असे की रस्त्यावर कुत्रे दिसेना. सासूबाई दाराशी मोगरा ओवत बसल्या होत्या. आत जागा नाही म्हणून त्यांची खाट बाहेर, निंबाखाली. उघड्यावरची झोप प्रकृतीला चांगली असते. तरी त्या वाळल्यासारख्या वाटल्या.

म्हटले, झाले गेले विसरा, घरी चला. त्या लगेच म्हणाल्या, "येतो ना, बाप्पा. माह्या लेकीचं घर हाय. पन खाट कोठी टाकू?"

मी ओसरीचे फायदे सांगितले. हवा येते, येणारा-जाणारा दिसतो.

"आन् कपाट?"

कपाट जड आहे, हलवताना रेकॉर्डी फुटण्याचा धोका आहे, हे समजावले. त्यांनी हातातली माळ खाली ठेवली. रागावल्या असत्या तर बरे झाले असते. पुन्हा सुईत दोरा ओवू लागल्या आणि सुनेला म्हणाल्या, जवाईबुवाले च्या दे, त्याइची गाडी चुकन.

चहा घेतला. गाडी मिळाली.

१७ मे, रविवार. अमरावती.

वामनरावांच्या खटपटीने सासूबाईंचे गाणे आज नागपूर रेडिओवर झाले. आमच्याकडे रेडिओ नाही. शेजारच्या खुशालरावांनी आपला खिडकीत आणून ठेवला. सगळी आळी अंगणात. मी आमच्या ओसरीवरूनच ऐकायचे ठरवले होते, पण पाय तिकडे गेले.

निवेदिकेने नाव सांगितले: माणिकबाई. मग आवाज आला. खरखर नाही, काही नाही. रेकॉर्डमधला आवाज कोवळा आहे. हा पिकलेला, आणि कितीतरी चांगला. मी गेली दहा वर्षे जुने आवाज शोधत भंगारात हात घालतो आहे. हा आवाज रोज माझ्या माजघरात भाकरी थापत होता आणि मी त्याला गप्प बसवत होतो. लाज वाटली. हे लिहिताना पुन्हा वाटते आहे.

कपाटाची ओळ आली तेव्हा अंगणात सगळे माझ्याकडे वळून हसले. वच्छला हसली नाही. ती रडत होती.

घरी आल्यावर ती म्हणाली, उद्या अकोल्याला जाते, मायला घेऊनच येते. कपाट कधी काढता?

म्हटले, काढू, घाई कशाला? त्यात वैदर्भीदेवींची एकुलती एक रेकॉर्ड आहे.