आईची डबी आणि चुंबक

धर्मापुरी,
१२ एप्रिल १९९८

प्रिय अक्का,

नऊ वर्षांनी पत्र लिहितोय, म्हणून आधी मनातल्या मनात मला हव्या तेवढ्या शिव्या दे, मग पुढचं वाच. आई आजारी आहे. चालताना तिचा तोल जातो, हातातली वाटी कधी सुटली तेही कळत नाही. डॉक्टरांना डोक्यात गाठ असल्याची शंका आहे, म्हणून वीस तारखेला, सोमवारी, तुमच्या पुण्यात एमआरआय करायचाय. त्या मशीनमध्ये भला मोठा चुंबक असतो, आत जाताना अंगावर काहीच चालत नाही, आणि आई गळ्यातलं इष्टलिंग उतरवायला तयार नाही. लहानपणी दीक्षा झाल्यापासून ते तिच्या अंगावेगळं झालेलं नाही, हे मी तुला काय सांगू. "मशीनमदी तू जा," म्हणाली. "म्या देवाला खुंटीला टांगून कुटं जात न्हाई."

आमच्या कॉलेजात यंदा पल्स एनएमआरचं यंत्र आलंय. टेबलावर मावतं, पण तत्त्व त्या मोठ्या मशीनचंच. पूर्वी असलं काही परदेशातून मागवायचं तर परवान्यातच दोन वर्षं जायची, आता दोन महिन्यांत खोकं दारात. चुंबकाच्या फटीत करडीच्या तेलाची बारीक नळी ठेवायची, रेडिओ लहरींचा एक झटका द्यायचा, की पडद्यावर रेघ उसळते आणि हळूहळू विझते. मला वाटलं, लिंग जवळ धरूनही रेघ तशीच राहिली, तर डॉक्टरांशी निदान वाद तरी घालता येईल.

म्हणून काल मी माझं लिंग गळ्यातून काढलं. आयुष्यात पहिल्यांदा. ते ज्या डबीत असतं ती चांदीची, तिची काळजी नव्हती, पण लिंगावरच्या काळ्या लेपात काय काय कालवतात कुणास ठाऊक. चुंबकाजवळ धरलं तर रेघ झटकन विझली. दूर नेलं, पहिल्यासारखी झाली. पुन्हा धरलं तर काहीच फरक नाही. तिसऱ्यांदा परत विझली. लेपात लोखंड आहे, की दुपारच्या उन्हानं चुंबक तापला, की मीच दर वेळी कमीजास्त अंतरावर धरलं? पोरांना मी हेच शिकवतो अक्का, आणि मलाच काही कळेना. आमचे शिपाई धोंडीराम दारातून बघत होते. "सर, आदी गळ्यात घाला ते," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी आईला खरं ते सांगितलं, की मला काही कळलं नाही. वाटलं, चिडेल. ती म्हणाली, उतरवते. पण खुंटीला नाही, नर्सच्या हातात नाही, माझ्याही हातात नाही. रुद्राणीच्या हातात देईन, म्हणाली.

तुझ्या लग्नानंतर तिनं तुझं नाव काढलं नव्हतं. जातीबाहेर गेलीस, गळ्यातलं देवघरात ठेवून गेलीस, म्हणून दार बंद केलं ते तिनंच. आणि मीही, तिच्या धाकानं म्हण नाहीतर माझ्या भित्रेपणानं, तुला कधी दोन ओळी लिहिल्या नाहीत. मग आता तुझाच हात का, असं मी विचारलं. "जाताना तिनं कपाळाला लावलं, तुमच्या अप्पाच्या उपरण्यात गुंडाळलं आन मंग ठिवलं," म्हणाली. "म्या दाराआडून बघत व्हते." हेही मला नीट उमगलेलं नाही. दवाखान्याचा पत्ता मागं लिहिलाय. सोमवारी सकाळी नऊला ये आणि आई बाहेर येईपर्यंत तिचा देव हातात धरून बस.

तुझाच,
सिद्धाराम