गोठ आणि छर्रे

३ सप्टेंबर, मंगळवार

पाच छर्रे मारले. दोन कागदावर, एक भिंतीत, आणि दोन कुठे गेले ते देव जाणे! शालिग्राम हसून हसून केळीच्या घडांवर बसला. आयुष्यभर कागदाच्या मिलमध्ये फिटर होता, आता दापोऱ्याला केळी करतो, आणि माझी फजिती बघणं हा त्याचा नवा धंदा.

पैज मीच लावली आहे, तेव्हा तक्रार कोणाकडे करणार? परवा आमच्या सोनाराच्या दुकानात धर्मेंद्र गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "बाबा, अब रहने दो. तुम्ही गल्ल्यावर बसा, पाटावर मी बसतो." का, तर नथीचा एक मोती माझ्या चिमट्यातून निसटून चिरला. मोती चिरतात! त्याच्याही हातून चिरलेत. पण माझा चिरला की लगेच 'बाबांचा हात कापतो'. माझं डोकं फिरलं. म्हणालो, माझ्या एअर रायफलने दहा मीटरवरून पाच छर्रे एका रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत बसवतो. बसले तर पाट माझा, आमच्या गिऱ्हाईक सुमित्राबाईंचे सोन्याचे गोठही मीच घडवणार. नाही बसले तर मी गल्ल्यावर, घडवायचा पाट त्याचा.

तो म्हणाला, "ठीक है. पितृपक्ष संपायच्या आत."

पोरगा माझाच! हिशेब पक्का करून घेतो.

५ सप्टेंबर

बाजारातले छर्रे भिकार. डबीतून दहा काढून काट्यावर ठेवले, एकाचं वजन दुसऱ्याशी जुळेना. आम्ही रत्तीच्या अंशावर भांडणारी माणसं, आणि हे कारखानेवाले मूठभर शिसं डबीत कोंबून मोकळे! छर्रे स्वतः ओतणार. पितळेचा दोन पाखांचा, मधून उघडणारा साचा आज कोरून झाला. हात कापला का? नाही कापला.

शिसं मात्र दापोऱ्याला, शालिग्रामच्या शेडमागच्या चुलीवर. दुकानात शिसं वितळवत नाहीत, हे सोनाराच्या घरात कोणाला सांगावं लागत नाही. कणभर शिसं सोन्यात गेलं की सोनं ठिसूळ होतं, हातोडीखाली फुटतं.

८ सप्टेंबर, रविवार

टायरवाल्याकडून चाकाला लावायच्या वजनाचे तुकडे आणले, वितळवले, ओतले. दिसायला झकास. उडवले तर चारी दिशांना!

शालिग्रामने एका गोळीवर नख ओढलं. रेघ उठली नाही. "कडक आहे रे बाबा. नळीच्या आत चरे असतात ना, ते गोळीला धरून फिरवतात. ही धरूच देत नाही." त्याच्याकडे मिलच्या भंगारातली जुनी केबल आहे, तिच्यावरचं आवरण शिशाचं, मऊ. तेच वापरायचं ठरलं.

गणपतीचे मोदक बांधून दिले होते बायकोने, गोदाने. सहा शालिग्रामने खाल्ले.

११ सप्टेंबर

मऊ शिसं. सगळ्या गोळ्या वजनाला एकसारख्या. एकेक घासून, पुसून, पॉलिश करून नेली, अशी की नथीत बसवावी. आणि कागदावर वीतभर पसरल्या! वीतभर!

रायफल फेकून द्यावीशी वाटली. नळीखालचा दांडा ओढून ओढून खांदाही गेलाय.

घरी धर्मेंद्रने विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. सूनबाईने विचारलं, "बाबूजी, कैसा रहा?" मी म्हणालो, वारा होता. शेडमध्ये कसला वारा!

१५ सप्टेंबर, रविवार

सापडलं! आणि सापडल्यावर माझं मलाच हसू आलं.

शालिग्रामने माझी एक गोळी न उडवता नळीत ठेवली आणि बारीक सळईने ढकलली. ती सुळकन पार! बाहेर आली तर अंगावर एक ओरखडा नाही. मग न घासलेली, साच्यातून निघालेली तशीच एक ढकलली. अडली, जोर लावावा लागला, आणि बाहेर आली तेव्हा चऱ्यांच्या खुणा अंगभर.

"तू गोळ्यांचे दागिने करतोयस गिरधर. घासून घासून बारीक केल्यास. नळीपेक्षा केसभर जाड पाहिजे, नाहीतर आत लटपटते."

चाळीस वर्षं ज्या वस्तूला हात लावला ती चमकवल्याशिवाय खाली ठेवली नाही. इथे चमकच आड आली. वजन वजन करत बसलो आणि मापाकडे लक्षच नाही! न घासलेल्या पाच मारल्या. मुठीएवढ्या जागेत बसल्या. अजून रुपया नाही, पण वाट बरोबर आहे.

१६ सप्टेंबर

साच्यातून निघालेली प्रत्येक गोळी थोडी वेगळी. एखादी एका बाजूने फुगीर, एखादीला शिवण. सगळ्यांना एक माप द्यायचं कसं? शालिग्राम म्हणतो, लेथवर पोलादाची चकती करून भोक पाडू. त्याला मिलशिवाय काही सुचत नाही.

१९ सप्टेंबर

जंत्री! इतके दिवस माझ्या डोळ्यांसमोर खिळ्याला टांगलेली होती.

आमची तार ओढायची पोलादी पट्टी. एकाखाली एक भोकं, प्रत्येक आधीच्यापेक्षा बारीक. वडिलांच्या हातची आहे, भोकं आरशासारखी. वरच्या रांगेतलं एक भोक नळीपेक्षा अगदी केसभर मोठं निघालं. जंत्री पिशवीत घालून दापोऱ्याला नेली. साचा कोरून जरा मोठा केला, त्यात गोळ्या ओतल्या, मेण आणि गोडंतेल चोळलं, मागून सळईने ढकलून एकेक त्या भोकातून काढली. सगळ्या जुळ्या बहिणी!

पहिले चार-पाच बार इकडेतिकडे गेले, नळीत मेण बसेपर्यंत. मग कागदावर एकाशेजारी एक, एकाशेजारी एक. शालिग्राम हसायचा थांबला. हे मला फार आवडलं.

परत आल्यावर जंत्री फडक्याने पुसून खिळ्याला लावली.

२२ सप्टेंबर, रविवार

जिंकलो.

धर्मेंद्र दुकान सूनबाईवर सोडून दापोऱ्याला आला होता. तीन मारून नळीत मेण बसवलं, नवा कागद लावला, पाच मारल्या. त्याने स्वतः खिशातला रुपया काढून कागदावर ठेवला. एकही भोक बाहेर दिसेना. त्याने रुपया उचलला, परत ठेवला.

"मान गए, बाबा."

गाडीवरून येताना मी मागे बसलो होतो. त्याने मध्येच विचारलं, "गोळ्यांना इतकं एकसारखं माप कसं दिलंत?" मी ऐटीत म्हणालो, सोनाराची जंत्री! त्याने आरशातून एकदा माझ्याकडे बघितलं. नदीच्या पुलावर वारं छान होतं. फार बरं वाटलं. फार म्हणजे फारच.

२४ सप्टेंबर

पाटावर. सुमित्राबाईंच्या आईच्या पाटल्या मोडल्या, मुशीत घातल्या. जुनं, पिवळंधमक सोनं. नवरात्रात सुनेच्या हातात गोठ घालायचे म्हणून जैनाबादहून स्वतः येऊन देऊन गेल्या होत्या. "गिरधरभाऊ, तुमच्याच हातचे पाहिजेत. माझ्या मायचं सोनं हाये ते."

दोन्ही गोठांच्या कांबी ओतल्या, ठोकल्या. उद्या जंत्रीतून काढून गोल करायच्या, मग वळवायच्या.

२६ सप्टेंबर

गोठ फुटला.

काल कांब जंत्रीतून छान निघाली होती. आज तापवून मऊ केली आणि वळवायला घेतली, तर बाहेरच्या अंगाला बारीक चीर. वाटलं, कमी तापली. पुन्हा तापवली. चिरा वाढल्या. जरा जोर दिला तर कट्! बिस्किटासारखी. दुसरी कांबही तशीच.

त्यात नेमक्या सुमित्राबाई बघायला आल्या. तुकडे पाटावर पडलेले. मी म्हणालो, "सोन्यात खोट आहे बाई. जुन्या काळी कोणी काय मिसळलं असेल."

दुकानात चार गिऱ्हाइकं होती. त्यांच्यासमोर म्हणालो.

त्या भांडल्या नाहीत. तुकड्यांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझ्या मायनं खोटं दिलं म्हनता?" आणि पदर सावरून निघून गेल्या. धर्मेंद्र गल्ल्यावरून उठून त्यांच्यामागे दारापर्यंत गेला. परत आला, खिळ्यावरच्या जंत्रीकडे बघितलं, आणि बसला.

२७ सप्टेंबर

झोप नाही. जुनं सोनं मी हजारदा गाळलंय. त्या पाटल्यांचा कस मी स्वतः लावला होता, कस चोख होता. मग?

२९ सप्टेंबर, रविवार

धर्मेंद्र दुपारी कुठेतरी गेला होता. दुकान बंद. मी एकटा बसलो आणि जंत्री खाली काढली. वरच्या रांगेतल्या त्या भोकात सुई फिरवली, खाली पांढरा कागद धरला. राखाडी चुरा पडला.

शिसं.

चूल दुकानात नको म्हणून दापोऱ्यापर्यंत गेलो. आणि शिसं जंत्रीतून काढून, फडक्याने पुसून, तीच जंत्री सोन्याशेजारी टांगली! शिकाऊ पोरालाही कळतं ते मला कळलं नाही, कारण मला रुपयाएवढं वर्तुळ दिसत होतं, बाकी काही नाही. कांबेवर शिसं चढलं, तापवल्यावर आत मुरलं. आणि मी एका बाईच्या मेलेल्या आईला खोटं ठरवलं.

हात कापत नव्हता. हात कापला असता तर बरं झालं असतं.

लाज वाटते. दुसरा शब्द नाही. जैनाबादला जाऊन सांगायला हवं. आज पाय उचलला नाही.

२ ऑक्टोबर, बुधवार

जैनाबादला जाऊन आलो. ओसरीवर बसायच्या आतच बोलायला लागलो, तर सुमित्राबाईंनी हात वर केला. "धर्मेंद्र रविवारीच येऊन गेला भाऊ. सर्वांदेखत पाया पडला. म्हने, जंत्री मी खराब केली, सोनं चोख हाये, बाबांना माहीत नव्हतं, त्यांना काही बोलू नका. गाळून परत करतो म्हने. पन घडवायचे बाबाच." मी म्हणालो, तो खोटं बोलला बाई. जंत्री मी खराब केली, आणि तुमच्या आईचं सोनं माझ्यापेक्षा चोख आहे. त्या आत जाऊन पाणी घेऊन आल्या.

दुकानात आलो तेव्हा पाट मोकळा होता, माझ्यासाठी पुसून ठेवलेला. मी धर्मेंद्रला म्हणालो, बस तिथे. आणि गल्ल्यावर जाऊन बसलो.