रबरी बोटं

३ फेब्रुवारी, सोमवार

नवरा नाही म्हणाला. ट्रॅक्टरला हात लावायचा नाही. का, तर तो गवत कापायचा आहे! कुठलं गवत? शाळेच्या मैदानावरून भंगारात निघालेला तो बुटका ट्रॅक्टर याने चार वर्षांपूर्वी हौसेने घरी आणला. तेव्हापासून शेडमध्ये उभा आहे आणि सीटवर कोंबड्या हगतात. आठवड्यातून एकदा हा तो चालू करतो, आवाज ऐकतो, खूश होतो, बंद करतो.

आणि तिकडे हॉटेलवाल्याला हो म्हणून बसला आहे. पुढच्या महिन्यापासून रोज चाळीस कोंबड्या — अख्ख्या, कातडीसकट. एक पीस राहता कामा नये, कातडीला चीर जाता कामा नये. काढणार कोण? मी आणि वन्सं. आम्ही दोघी दुकानाच्या मागे अंगणात बसून दिवसाला पंधरा काढतो, तेवढ्यात माझ्या नखांची चाळण झाली आहे. बोटाला मीठ लागलं की ब्रह्मांड आठवतं. म्हणे, होईल गं. त्याच्या जिभेला कुठे पिसं काढायची आहेत!

मशीन मी करणार. कोंबड्यांच्या खाद्यवाल्याकडे बघितलं आहे. एक पिंप, त्याला आतून रबरी बोटं, तळाला फिरणारी थाळी. कोंबडी टाकली की बोटं तिला झोडपतात आणि पिसं गळतात. फिरवायला काहीतरी पाहिजे, ते शेडमध्ये उभं आहे. यात न कळण्यासारखं काय आहे?

४ फेब्रुवारी

किल्ली घेतली. विचारलं नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

वेल्डरला सगळे ठिणगी म्हणतात. म्हाताऱ्याने मला दोनदा विचारलं, मालक कुठे आहेत. मी सांगितलं, मालक समोर उभे आहेत, तुम्ही थाळी कापा.

ट्रॅक्टरच्या पोटाखाली गवत कापायची पाती होती, ती आम्ही काढून टाकली. पात्यांना फिरवणारं चाक तसंच ठेवलं. त्या चाकावरून पट्टा आडवा नेऊन थाळीखालच्या चाकाला घालायचा, बस. ठिणगी मान हलवत होता, पण हात चालू होते. काम येतं त्याला. बोलणं येत नाही.

पिंपाला शहाण्णव भोकं पाडली. सगळी मी. एकेक रबरी बोट साबणाच्या पाण्यात बुडवायचं, भोकात घालायचं, दुसऱ्या बाजूने पकडीने ओढायचं. बारावं-पंधरावं बोट झालं की मनगट रडायला लागतं. वन्सं पाट घेऊन शेजारी बसल्या होत्या. मदतीला नाही, बघायला. पाळणा करतेस का कोंबडीला, म्हणाल्या. मग थोड्या वेळाने — आपली बोटं काय वाईट होती?

तुमची तुम्हाला लखलाभ, म्हटलं. माझी थकली.

११ फेब्रुवारी, मंगळवार

पहिली चाचणी. नवरा गिऱ्हाईक सोडून बघायला आला, हात मागे बांधून, साहेबासारखा. कोंबडी पिंपात टाकली, ट्रॅक्टर चालू केला, पट्टा ताणला — आणि कोंबडी पिंपातून उडून भिंतीपलीकडे! शेजारच्या मास्तरीणबाईंच्या वाळत घातलेल्या चादरीवर. मास्तरीणबाई कोंबडीचा एक पाय चिमटीत धरून आल्या आणि मला शिस्तीवर दहा मिनिटं ऐकवलं.

वन्सं हसून हसून खाली बसल्या. मेल्यावर तरी सुटली बिचारी, म्हणाल्या. मला पण हसू आलं, पण मी दाबलं. नवरा समोर होता.

ठिणगी म्हणाला, ट्रॅक्टरची घाई थाळीला कशाला? खाली मोठं चाक बसवा, हळू फिरेल. हे आधी नाही सांगता आलं?

१२ फेब्रुवारी, बुधवार

दुपारी जेवताना नवऱ्याने सांगून टाकलं. मशीन चाललं की ताईला धाकट्या भावाकडे पाठवू. धाकट्याला जुळी झाली आहेत, घरात बाईमाणूस हवं आहे. इथे आता दोघींचं काय काम? कपाट हलवावं तसं बोलला, आमटी ओरपत. सख्खी थोरली बहीण समोर बसली आहे!

वन्संनी मान वर केली नाही. भात चिवडत राहिल्या. धाकट्याकडे त्या मागे दोन महिने राहून आल्या आहेत. तिथे त्यांचं अंथरूण गच्चीवरच्या, धुणं वाळत घालायच्या खोलीत होतं. परत आल्या त्या दिवशी दारातच मला म्हणाल्या होत्या, मला पुन्हा तिकडे धाडू नका. एकदाच म्हणाल्या. दुसऱ्यांदा काही मागायची त्यांना सवय नाही.

वीस वर्षं ही बाई माझ्या मिठावर, माझ्या झाडण्यावर, माझ्या लेकीच्या वेणीवर बोट ठेवते आहे. मला बरं वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही, त्याचाच राग आला.

१५ फेब्रुवारी, शनिवार

मोठं चाक बसलं. कोंबडी उडत नाही. अर्ध्या मिनिटात पिसं साफ, मोजून अर्ध्या मिनिटात! पण कातडी पण साफ. सात टाकल्या, सहा फाटल्या. छातीवर, मांडीवर, चिंध्या. घरगुती गिऱ्हाइकांना चालतील, तुकडेच करायचे असतात. हॉटेलवाला तोंडावर फेकेल.

नवरा म्हणाला, म्हटलं होतं मी. काय म्हटलं होतं? याने आयुष्यात गवताशिवाय काय म्हटलं आहे?

१६ फेब्रुवारी

ट्रॅक्टर अगदी हळू ठेवला. फाटली.

१७ फेब्रुवारी

तळाची बोटं काढून मऊ रबराची घातली. वरून पाण्याचा पाइप सोडला. फाटली. पकड भिंतीवर फेकून मारली. भिंतीचं काही गेलं नाही, पकड मोडली.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

कळलं! मशीनचा दोष नाही. पाण्याचा आहे.

पिसं सैल व्हायला कोंबडी आधी गरम पाण्यात बुडवायची, ते पाणी बघायचं काम वीस वर्षं वन्संचं. त्यांनीच मला शिकवलेली रीत — पाण्यात बोट घालायचं, तीनपर्यंत मोजायचं, तिनाला चटका बसून बोट बाहेर आलं पाहिजे. आज सहज मी बोट घातलं. एक म्हणायच्या आत किंचाळले. ते पाणी कोंबडी शिजवायचं होतं, पिसं काढायचं नव्हतं. शिजलेली कातडी फाटणार नाही तर काय!

माझं डोकंच फिरलं. पंधरा दिवस मी त्या पिंपाशी मारामारी करते आहे, आणि ही बाई पाटावर बसून पाणी उकळते आहे. मी विचारलं, वन्सं, तुम्ही पाणी बघितलं होतं ना? बघितलं, म्हणाल्या. बोट घातलं होतं? घातलं होतं. मग?

त्या पाण्याकडे बघत राहिल्या. मग पदर खोचला आणि माझ्याकडे सरळ बघून म्हणाल्या,

"हो. मुद्दाम केलं. मशीन चालू नये म्हणून केलं. झालं समाधान?"

माझ्या तोंडाला जे आलं ते मी बोलले. इथे लिहीत नाही. नवऱ्याला सांगितलं, पाठवा हिला, याच आठवड्यात पाठवा. मी सांगितलं. मीच.

२० फेब्रुवारी, गुरुवार

पाणी मी बघितलं. दहा कोंबड्या, दहाच्या दहा चकचकीत. एक चीर नाही. हॉटेलवाला स्वतः येऊन उलटसुलट करून बघून गेला. नवरा त्याला सांगत होता, आम्ही असं केलं, आम्ही तसं केलं, ट्रॅक्टर मी खास यासाठीच आणून ठेवला होता! ठिणगी माझ्याकडे बघून मिशीत हसला. मी ऐकलं न ऐकलंसं केलं. आज भांडायला अंगात जोर नव्हता.

दीर रविवारी दुपारी जीप घेऊन येतो आहे. वन्सं गुपचूप आवरत आहेत. काल माझ्या मिठावर काही बोलल्या नाहीत. जेवण खारट होतं.

२३ फेब्रुवारी, रविवार

सकाळी वन्संच्या खोलीत डोकावले. पिशवीचा तुटलेला बंद शिवत होत्या. मी दारातूनच विचारलं, चादर नेणार का. त्या शिवता शिवता सांगायला लागल्या, चादर राहू दे, लेकीला होईल — आणि सुई त्यांच्या बोटाच्या पेरातून आरपार गेली होती. पिशवी लाल होत होती. त्या बोलतच होत्या.

मी जाऊन हात धरला. दहाही बोटं उलटून बघितली. फोड, फोडांवर फोड.

"कधीपासून?"

पावसाळ्यापासून, म्हणाल्या. आधी करंगळी, मग सगळी.

"मग मुद्दाम केलं का म्हणालात?"

"खोडसाळ म्हणून गेलेली बरी," म्हणाल्या. "निकामी म्हणून नको."

सुई मी काढली. त्यांना कळलं पण नाही.

दिराला फोन लावला. निघाला होता. म्हटलं, माघारी फीर, येऊ नकोस. आम्हाला आज डॉक्टरकडे जायचं आहे. आणि नंतरही येऊ नकोस. तो चिडला, का म्हणून विचारायला लागला. सांगितलं — इथे पाणी बघायला माणूस लागतं.