डब्याला दिलेलं नाव

दुसूक
शनिवार, ४ नोव्हेंबर

चि. वजदी यास, अ. आ. वि. वि.

आम्ही दोघं इकडे खुशाल आहोत, निदान पत्र लिहायला बसलो तेव्हा होतो. तू बसवून गेलेला इंटरनेटचा डबा चालू आहे. त्याला हात लावला की गरम लागतो. एवढं गरम असणं बरं का, ते कळव. रात्री त्याचे दिवे लुकलुकतात, म्हणून झोपण्याआधी मी त्याची पिन काढून ठेवतो. तो उघड्यावर दिसू नये म्हणून काचेच्या कपाटात हजहून आणलेल्या पितळी परातीमागे ठेवला आहे. बैठकीत चित्र ठीक दिसतं, स्वयंपाकघरात मात्र काहीच पोचत नाही. काल शुक्रवारी नमाजानंतर रऊफचा दोह्याहून फोन आला, तेव्हा तुझ्या आत्याला चुलीवरची मुलुखियाची पातळ भाजी सोडून बाहेर यावं लागलं आणि ती खाली लागली. मी तशीच खाल्ली.

आता मुख्य गोष्ट. आज सकाळी बसयूनी न्हाव्याकडे दाढीला बसलो होतो. त्याच्या फोनवर आसपासच्या वायफायची नावं येतात. त्यात सर्वांत वर एक बाईचं नाव. बसयूनीनं ते दुकानात मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, ही कोण बुवा आपल्या गल्लीत? एक म्हणाला औषधांच्या दुकानातली नवी मुलगी असेल, दुसरा म्हणाला असं नाव आता मुलींचं नसतं, कुणातरी म्हातारीचं असणार. मी तोंडाला फेस लावून बसलो होतो. वजदी, ते तुझ्या आत्याचं नाव होतं!

लग्न झाल्यापासून या गल्लीत ती रऊफची आई आहे. तिचं नाव मी घरातसुद्धा घेत नाही, आणि तू ते इमामसाहेबांच्या फोनपर्यंत पोचवलंस. नाव कसं बदलायचं ते ताबडतोब लिहून पाठव. फोन करू नकोस. मला कमी ऐकू येतं म्हणून फोन मोठ्या आवाजावर ठेवावा लागतो, आणि मोठ्या आवाजावरचं सगळं तुझी आत्या आतून ऐकते. मायक्रोबसवाल्या अशूरबरोबर पत्र दे. तो इंजिनाच्या आवाजावर ओरडून पाकीट कुणाचं ते विचारतो आणि तितकंच ओरडून सांगावं लागतं, पण पाकीट पोचवतो.

तुझ्या वडिलांना, शहाताला, सलाम. माझ्या काळजीला हसू नकोस.

तुझा काका,
मितवल्ली

*

तांता
सोमवार, ६ नोव्हेंबर

ती. काकांस वजदीचा सलाम वि. वि.

पत्र पोचलं. वडिलांनी वाचलं आणि ते इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. मी हसलो नाही, असं समजावं.

काका, त्या डब्याला काहीतरी नाव द्यावंच लागतं. मी द्यायला बसलो तेव्हा आत्या समोर चहा घेऊन उभी होती. मी ‘तफीदा’ असं टाइप केलं आणि तिला दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली. मग तिनं माझ्या चहात न विचारता आणखी साखर घातली. तेव्हा बदलण्याआधी तिला एकदा विचारा, असं माझं मत आहे.

तरीही बदलायचंच असेल तर सगळं सोबतच्या कागदावर लिहिलं आहे. पुढच्या बाजूला नाव कसं बदलायचं ते आहे, मागच्या बाजूला त्यानंतर काय करायचं ते. मागची बाजू जास्त महत्त्वाची आहे. नाव बदललं की आत्याचा फोन जुनंच नाव शोधत बसतो. त्याला नवं नाव दाखवून पासवर्ड पुन्हा घालावा लागतो. ते राहिलं तर रऊफदादाचा फोन येणार नाही.

डबा गरम असतो, त्याला ताप नाही. रात्री पिन काढू नका. आणि ती परात त्याच्यासमोरून काढा. पितळेतून वायफाय जात नाही, मग स्वयंपाकघरात पोचणार कसं?

आत्याला सलाम सांगा. रागावलात तरी चालेल, दूर मात्र लोटू नका.

तुमचा,
वजदी

*

दुसूक
मंगळवार, १४ नोव्हेंबर

चि. वजदी यास, अ. आ. वि. वि.

तुझी आत्या तुमच्याकडे पोचली का? काल अशूरच्या गाडीनं निघाली. पोचल्याचा निरोप आला नाही, म्हणून विचारतो.

झालं ते असं. गुरुवारी ती शेजारी गेली असताना मी नाव बदललं. ‘हाज मितवल्ली यांचं घर’ असं ठेवलं. पहिल्या फटक्यात जमलं, माझा मलाच विश्वास बसेना. त्या आनंदात तुझ्या कागदावर चहाचा पेला ठेवला आणि मागची बाजू पाहायची राहिली.

शुक्रवारी रऊफ त्याच्या मुलीला चालताना दाखवणार होता. पोर नुकतीच पावलं टाकू लागली आहे. तुझी आत्या नवा रुमाल बांधून, चष्मा पुसून, फोन साखरेच्या डब्याला टेकवून बसली. फोन आलाच नाही. दुपार गेली, तिसऱ्या प्रहरची अस्रची बांग झाली, तरी ती उठली नाही. मला विचारलं, काय बिघडलं? मी म्हटलं वायर असेल. ती म्हणाली, बघा जरा. मी खाली वाकून वायर बघत राहिलो.

रविवारी बसयूनीची बायको तिला म्हणाली, तुमचं नाव आमच्या फोनवरून गेलं की हो! मग तिला सगळं समजलं. तिनं भांडण केलं असतं तर मला उत्तर देता आलं असतं. तिनं माझ्यासाठी भात आणि भेंडीचा रस्सा करून फ्रिजमध्ये ठेवला, गोळ्या कधी घ्यायच्या ते सांगितलं, फोन आणि चार्जर पिशवीत घातला आणि या वयात रुसून माहेरी निघाली. लोकांना मी भावाची तब्येत बिघडली असं सांगितलं आहे. शहातानं थोडे दिवस दुसूकला येऊ नये.

आता डब्याचे सगळे दिवे हिरवे आहेत. परात काढली. रात्री पिनही काढत नाही. स्वयंपाकघरात उभं राहून माझ्या फोनवर पाहिलं, रेंज पूर्ण येते. तिथे कुणी नाही.

तिला वेगळं पत्र लिहीत नाही. अशूर ओरडून विचारेल कुणाचं, आणि गाडीभर लोकांपुढे मी काय ओरडून सांगू? तूच तिला समजाव. मला सांभाळून घे.

तुझा काका,
मितवल्ली

*

तांता
बुधवार, १५ नोव्हेंबर

ती. काकांस सलाम वि. वि.

आत्या इथे सुखरूप आहे. आल्या आल्या तिनं आईच्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला, त्यामुळे आता घरात दोन बायका रुसलेल्या आहेत. वडिलांनी तिला आपला पलंग दिला आणि स्वतः सोफ्यावर झोपतात. त्यांची पाठ धरली आहे. म्हणजे भावाची तब्येत बिघडली असं तुम्ही लोकांना सांगितलंत, ते खरं झालं.

वडील म्हणाले, रीतीप्रमाणे मितवल्लीनं चार वडीलधारी माणसं घेऊन यावं आणि तिला घेऊन जावं. आत्या म्हणाली, माणसं नकोत, बसबूसाची मिठाईही नको, केळी-सफरचंदं तर मुळीच नकोत. मी फार खोदून विचारलं, तेव्हा बोलली. म्हणाली, आई गेल्यापासून मला नावानं हाक मारणारं कुणी उरलं नाही. भाऊही आता रऊफची आई म्हणतो. नाव होतं तेव्हा एकदा भाजी घ्यायला गेले तर गल्लीतल्या मुली म्हणाल्या, तफीदामावशी, तुमची रेंज आमच्या गच्चीवर येते. मी घरी येईपर्यंत हसत होते. तेवढंही याला बघवलं नाही.

तिचं मागणं एकच आहे. नाव परत यावं, आणि ते तुमच्या हातानं यावं. मी येऊन करायचं नाही, अशी तिची मला ताकीद आहे. परवा शुक्रवारी रऊफदादा फोन करणार आहे. तो इथे घ्यायचा की तिथे, हे ती तुमच्याकडून काय येतं ते पाहून ठरवणार आहे.

वडिलांच्या पाठीचा विचार करावा. जीव लावलात तसाच राहू द्यावा.

तुमचा,
वजदी

*

दुसूक
गुरुवार, १६ नोव्हेंबर

तफीदा हिला मितवल्लीचा सलाम वि. वि.

मी बरा आहे. भेंडी संपली. गोळ्या घेतो आहे, एखादी राहिली असेल.

वजदीचं पत्र काल रात्री मिळालं आणि मी लगेच डब्यापाशी बसलो. पासवर्ड घातला, तो चुकीचा म्हणाला. पुन्हा घातला, पुन्हा तेच. नाव बदलताना तो मीच बदलला होता आणि काय ठेवला ते आठवेना. तुला सांगून ठेवला असता तर तुला आठवला असता. मग डब्याच्या मागे एक बारीक भोक दिसलं, त्यात टोचलं की डबा सगळं विसरतो असं वजदीच्या कागदाच्या मागच्या बाजूला आहे. ती बाजू मी आता वाचली. तुझ्या शिवणाच्या डब्यातली सुई घेतली. टोचलं आणि सगळे दिवे एकदम विझले. मला वाटलं मेला. मी कपाटाला टेकून उभा राहिलो. मग एक दिवा लागला, मग दुसरा, आणि त्यानं विचारलं, नाव काय ठेवायचं.

मी ठेवलं. सुई जागेवर परत ठेवली आहे.

आज सकाळी बसयूनीकडे गेलो. त्यानं फोन पाहिला आणि म्हणाला, अहो, ती तफीदा परत आली! कोण आहे ही? मी म्हटलं, माझी बायको, आणि अजून आलेली नाही. बसयूनीनं माझी उरलेली अर्धी दाढी केली, मग हळूच पासवर्ड मागितला. मी दिला नाही. तो द्यायचा तर तू दे.

उद्या नमाजानंतर रऊफचा फोन आहे. स्वयंपाकघरात रेंज येते, मुलुखिया हलवता हलवता नातीला चालताना बघता येईल. वायरला काही झालं नव्हतं. तुझ्या फोनात नवा पासवर्ड मी घालून देईन, कागद समोर ठेवून, त्यावर चहा न ठेवता.

हे पाकीट घेऊन आता स्टँडवर जातो. या वेळी अशूरची गाडी भरलेली असते, आणि त्यात निम्मे आपल्या गल्लीतले. तो ओरडून विचारेल कुणाचं. मी सांगेन.

तुझा लोभ परतीच्या गाडीनं यावा.

मितवल्ली