लांब्याचा सौदा

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

दोघांपैकी एकच! जयेश किंवा स्वप्नाली. आणि ठरवायचं कुणी, तर मी!

सकाळी मार्टाइनने, म्हणजे आमच्या बॉसने, काचेच्या खोलीत बोलावलं. कॉफी स्वतः आणून दिली — तेव्हाच ओळखलं, काहीतरी वाईट आहे. दोघांचे करार एकतीस डिसेंबरला संपतायत. वरून मंजुरी एकाच जागेला. वीस तारखेपर्यंत मी नाव द्यायचं, अठ्ठावीसला पत्रं जाणार. करार संपायच्या महिनाभर आधी कळवावं लागतं इथे रॉटरडॅमला. "आणि रवी, तोपर्यंत कुणाशी एक शब्द नाही."

काल संध्याकाळी दोघं माझ्याच सोफ्यावर बसून माझ्या बायकोने, मृदुलाने केलेली भेळ खात होते. भांडत होते. कशावर? तर अमेरिकेतल्या कुठल्याशा फुटबॉल टीमचा तिसरा रिसीव्हर, म्हणजे चेंडू झेलणारा, दुसऱ्या नंबरवर येणार की नाही यावर!

मंगळवार, ४ नोव्हेंबर

झोप नाही. जयाचे, म्हणजे जयेशचे वडील, बाळासाहेबकाका, नाशकात आमच्या खालच्या मजल्यावर राहायचे. बारावीनंतर प्रवेश परीक्षेला मला त्यांनी स्कूटरवरून सोडलं होतं. पेपर संपेपर्यंत बाहेर उन्हात उभे होते. तीन वर्षांपूर्वी जयाचा बायोडेटा मीच कंपनीत दिला. आधी दुसऱ्या विभागात लागला, जानेवारीपासून माझ्या टीममध्ये आहे.

स्वप्नाली पुण्याची. एकटीच आली इथे, कुणाच्या ओळखीशिवाय. दोघांचे परमिट नोकरीवर. नोकरी गेली की तीन महिने शोधायला, नाहीतर बॅग भरा.

मृदुलाने विचारलं, काय झालंय तुला? म्हटलं, ॲसिडिटी.

रविवार, ९ नोव्हेंबर

सात वाजता सगळे जमले. इथे आजूबाजूला सगळे गोल चेंडूवाले. आम्ही आठच जण रॉटरडॅममध्ये बसून लांबुळक्या चेंडूचा अमेरिकन फुटबॉल बघणार! हे वेड जयाचं. पुण्याच्या कंपनीने त्याला दोन वर्षं अमेरिकेत पाठवलं होतं, तिथून घेऊन आला. आमच्या लीगमध्ये प्रत्येकाची कागदावरची टीम असते. खरे खेळाडू तिकडे खेळतात, गुण इकडे आम्हाला मिळतात. सौदे चालतात, शिव्या चालतात. मी कमिशनर. सौदा मराठीत कागदावर लिहायचा आणि मी त्यावर "मंजूर" असा रबरी शिक्का मारायचा, तरच तो पक्का. शिक्का जयानेच नाशकातून करून आणला होता. घरात रिमोट मिळत नाही, पण कमिशनर!

आजचा वाद: लांब्या. खरं नाव उच्चारताना सगळ्यांची बोबडी वळते म्हणून लांब्या. जयाच्या टीममधला सगळ्यात भारी रिसीव्हर, कुठूनही चेंडू झेलतो. पण वय झालंय, मांडीचा स्नायू धरतोय. जयाकडे प्रत्येक टीमच्या रिसीव्हर्सची उतरंड असते — पहिला कोण, दुसरा कोण, बाकावर कोण. दर रविवारी पावणेसातला ग्रुपवर येतेच. एकदा ताप होता एकशे तीन, तरी आली होती!

"लांब्याला विकून टाक," कुणीतरी म्हणालं. जया म्हणाला, "विकणारच आहे. जीव आहे माझा त्याच्यावर, पण उतरंड लावताना जीव बघायचा नसतो. आकडे बघायचे. नातं बघून खेळवलं की टीम बुडते. काय रवीदादा?"

मी भेळेत मान घातली.

प्रांजली, त्याची बायको, स्वयंपाकघरात मृदुलाला सांगत होती. तीन वर्षं घरी बसून डच शिकली. सप्टेंबरपासून ॲमस्टरडॅम झुइडओस्टला पाळणाघरात नोकरी लागली. पोरं तिला "यूफ प्रांजली" म्हणतात, म्हणजे प्रांजलीबाई. किती खुश आहे! रोजची धावाधाव नको म्हणून तिथेच जवळ डीमनला भाड्याचं घर बघतायत. तिचं परमिट जयाच्या परमिटवर. तो गेला की तीही गेली.

निघताना जयाने जिन्यात हळूच विचारलं, "दादा, रिन्यूअलचं काही?" म्हटलं, "येईल रे." येईल! काय येईल?

मंगळवार, ११ नोव्हेंबर

मार्टाइनकडे गेलो. दोघांनाही सहा-सहा महिने द्या म्हटलं. माझा बोनस नको म्हटलं. त्याने सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "इक बख्रैप हेट." म्हणजे, समजतंय मला. चौदा वर्षांत एक शिकलोय. हे लोक असं म्हणाले की उठायचं. उत्तर नाही असं असतं.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

दोघांचं काम शेजारी मांडलं. स्वप्नाली थोडी पुढे. थोडीच. जया नव्यांना शिकवतो, ते कुठल्या रकान्यात भरू?

रविवार, १६ नोव्हेंबर

आज घर डोक्यावर घेतलं सगळ्यांनी!

स्वप्नालीने लांब्या मागितला. बदल्यात काय? तिचा तरणाताठा दुसऱ्या नंबरचा रिसीव्हर, आणि वर पुढच्या मोसमात खेळाडू निवडायचे तिचे पहिले दोन्ही हक्क! आमच्याकडे टीम वर्षानुवर्षं चालते. ते हक्क म्हणजे पुढची पाच वर्षं. कुणी देत नाही.

जया स्वतःच घाबरला. म्हणे, "अगं, फायदा माझा आहे, पण पाप लागेल मला. पुढच्या वर्षी काय खेळणार तू? हातात काय उरलं?"

ती पाय हलवत म्हणाली, "पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी! मला यंदा जिंकायचंय."

"दादा, ही पुढच्या वर्षी नाहीच आहे वाटतं आपल्यात!" — जया. सगळे हसलो. स्वप्नालीने त्याला उशी फेकून मारली. मी शिक्का मारला.

पण खरं सांगू? पोरगी आवडली मला आज. आहे ते लावून टाकते, मागेपुढे बघत नाही. जया पुढच्याची तजवीज करत बसतो. कामातही तसंच. आकडेही तिचेच पुढे. शिवाय जयाला ठेवला तर ऑफिसात म्हणतील — आपल्या गावचा म्हणून ठेवला. मार्टाइन तोंडावर म्हणणार नाही, पण म्हणेल.

हे मी कुणाला पटवतोय?

बुधवार, १९ नोव्हेंबर

दोन वेळा मेल लिहिला. दोन वेळा खोडला. जेवलो नाही.

गुरुवार, २० नोव्हेंबर

स्वप्नालीला ठेवा, असं लिहून दिलं. म्हणजे जयाला काढा. मेल पाठवायला अर्धा सेकंद लागतो. दुपारी जया डेस्कवर पेपरनोटन घेऊन आला, इथल्या सिंटरक्लासच्या सणाचं खाणं. "घ्या दादा, तुमचं तोंड का पडलंय?" मूठभर घेतले. खाल्लेसुद्धा!

रविवार, २३ नोव्हेंबर

डीमनचं घर मिळालं त्यांना. बत्तीस जण रांगेत होते म्हणे. प्रांजली दारातूनच ओरडली, "मृदुलाताई, बाल्कनी आहे!" जानेवारीत जायचं. बुधवारी इथलं घर सोडायची नोटीस देणार. नव्या मालकाला फक्त नव्या कराराचा कागद दाखवायचा राहिलाय. जया माझ्याकडे बघून म्हणाला, "तो काय, दादा देतीलच आठवड्यात."

इथे घराची नोटीस दिली की दिली. दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस येऊन भिंती मोजतो.

लांब्या स्वप्नालीसाठी दोनदा चेंडू घेऊन शेवटच्या रेषेपार गेला. ती सोफ्यावर उभी राहून नाचली. जयाही नाचला! "माझं पोर ते, दुसऱ्याच्या घरी दिलं म्हणून काय झालं!" मला बघवेना. ताटं उचलायला उठलो.

सगळे गेल्यावर मृदुलाला सांगितलं. एकदाचं. ती ओट्याशीच थांबली. "बाळासाहेबकाकांचा जया?" हो. "रवी, बुधवारच्या आत सांग त्याला. घर तरी राहू दे त्यांचं." म्हटलं, नियम आहे, माझीही नोकरी आहे. ती ओटा पुसून आत निघून गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

सांगायचं ठरवूनच जयाला खाली कॉफीला नेलं. पाण्याकडेच्या बाकावर बसलो. समोर क्रेन कंटेनर उचलत होती. वारा बोचरा.

मी म्हटलं, "जया, नोटीस जरा आठवडाभर थांबवलीस तर?"

"नाही जमत दादा. या महिन्यात नाही दिली तर दोन्हीकडे भाडं. का हो?"

तोंडाशी आलं होतं. अगदी तोंडाशी! एक वाक्य. आणि मी काय म्हणालो? "काही नाही, सहज. बरं, लांब्याच्या जागी आता कोणाला खेळवतोयस?"

तो रंगला. मोबाइल काढून उतरंड दाखवायला लागला. पहिला, दुसरा, तिसरा. वीस मिनिटं मी मान डोलावली. भित्रा! दुसरा शब्द नाही माझ्यासाठी.

बुधवार, २६ नोव्हेंबर

नोटीस दिली त्यांनी. ग्रुपवर प्रांजलीने फोटो टाकला, सगळ्यांनी टाळ्या पाठवल्या. मीही.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

पत्रं गेली. दहा वाजता.

स्वप्नाली तिचं वाचून नुसतं "बरं" म्हणाली. मला वाटलं, उडी मारेल. दमली असेल.

जया साडेअकराला माझ्यापाशी आला. पत्र घडी करून हातात. आवाज एकदम नेहमीचा. "दादा, माझं झालं नाही." खुर्ची ओढून दिली, तो बसला नाही.

"तुम्हाला माहीत होतं का आधी?"

"नाही," म्हणालो.

का म्हणालो? आजूबाजूला कुणी उभं नव्हतं, बॉस नव्हता, कुणी नव्हतं. नाही म्हणालो!

"तेच," तो म्हणाला. "प्रांजलीला मी म्हटलंच — दादांच्या हातात असतं तर त्यांनी होऊ दिलं नसतं."

स्वच्छतागृहात जाऊन रडलो. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस.

शनिवार, २९ नोव्हेंबर

डीमनवाला नाही म्हणाला. कागद नाही तर घर नाही. इथला मालक म्हणे नवा भाडेकरू ठरलासुद्धा. बाळासाहेबकाकांचा फोन आला दुपारी. मी उचलला नाही. मग त्यांचा मेसेज — "रवी, जयेशकडे लक्ष ठेव रे, तू आहेस म्हणून काळजी नाही."

रविवार, ३० नोव्हेंबर

जया-प्रांजली आले नाहीत. पावणेसातला ग्रुपवर उतरंड मात्र आली. सगळ्या टीम, सगळे रिसीव्हर, आजच्या दुखापतींसकट. खाली एकच ओळ: प्रांजलीला बरं नाही, तुम्ही बघा.

स्वप्नालीने विचारलं, "जास्त आहे का तिला?" जयाचं तिला काहीच ठाऊक नाही. म्हटलं, सर्दी आहे. आता खोटं सहज येतं मला.

सोमवार, १ डिसेंबर

स्वप्नाली पेढे घेऊन आली. आज सकाळी कागद आला तिचा — ॲमस्टरडॅमच्या कंपनीत, जानेवारीपासून. ऑक्टोबरपासूनच चाललं होतं. "सॉरी दादा, कागद हातात आल्याशिवाय कुणाला बोलायचं नाही, आईने बजावलं होतं. दृष्ट लागते म्हणते. आणि तिकडे रविवारीही ड्यूटी आहे, इथे यायला नाही जमणार, म्हणून तर यंदाच जिंकायचं होतं! तुम्ही मला ठेवायला बघत होतात, खूप बरं वाटलं. पण माझ्या जागी जयेश आहेच की."

धावत मार्टाइनकडे गेलो. म्हटलं, ती जातेय, जयेशला ठेवू, पत्र परत घेऊ, आजच! तो म्हणाला, जागा रिकामी झाली की वरचे ती बंदच करणार. मी हात जोडले. खरंच जोडले, ऑफिसात. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"इक बख्रैप हेट, रवी."

घरी येऊन सोळा तारखेचं पान काढलं. ही पुढच्या वर्षी नाहीच आहे वाटतं आपल्यात, असं जया म्हणाला होता. सगळे हसलो, असं मीच पुढे लिहिलंय.