नवशिक्याचं पान

प्रिय आजोबा,

या पत्राबरोबर आलेलं खोकं आईसमोर उघडू नका. त्यात वाळवलेले शिंपले आहेत असं मी तिला सांगितलंय, आणि ते खोटं नाही. एका बाजूला शिंपले आहेतच, ते तिला द्या. मधल्या पुठ्ठ्याच्या पलीकडे कापसात गुंडाळलेलं आहे ते तुमचं. मागच्या खोलीत न्या, दार लावून घ्या, चष्मा घाला आणि मग उघडा. चष्मा घालाच. दिसतंय दिसतंय म्हणत नुसतं चाचपू नका, आरसे मोडतील. माझे दोन रविवार त्या आरशांत गेलेत.

आधी आईच्या फोनचं उत्तर देतो, म्हणजे तो विषय संपला. सहकारी संघाचे शिगेमात्सु-सान मला आता कामावर घ्यायला तयार आहेत म्हणे. संत्र्यांच्या पेट्या वाहणारी गाडी चालवायची, तीच नोकरी, जी दोन वर्षांपूर्वी मला द्यायची ठरली होती आणि मग दिली नाही. फक्त मी एकदा यायचं, मिठाईचं खोकं घेऊन त्यांच्या दारात जायचं, त्या अपघाताबद्दल कमरेत वाकून माफी मागायची. आई बोलता बोलता रडली. मग तुम्ही फोन घेतलात आणि म्हणालात, ‘‘अरे, माणूस चुकतो. मान खाली घातली की झालं. तुझ्या वयात मी कितीदा घातलीय.’’ तुम्हाला वाटलं असेल फोन कटला. कटला नव्हता. मी खिडकीतून समुद्रावरचं बर्फ बघत उभा होतो आणि तुम्ही ते वाक्य खरंच मनापासून म्हणालात की काय, याचा विचार करत होतो. मी येणार नाही, आजोबा. वाकणार नाही. एकदा वाकलो तेवढं पुरे.

इकडे उत्तरेत माझं बरं चाललंय. दिवसभर शिंपले फोडतो. सुरी आत सरकवायची, मनगट वळवायचं, मांस उचलायचं, टरफल फेकायचं. पंधराव्या वर्षी शाळा सोडली तेव्हा मास्तर म्हणाले होते, हा पोरगा एका जागी पाच मिनिटं बसणार नाही. आता मी एका जागी आठ तास उभा राहतो, त्यांना कळवा. खोलीत माझ्याबरोबर ओनोदेरा-सान आहेत. पन्नाशीचे, लग्न मोडलेलं, आणि उशापासून पायथ्यापर्यंत नुसत्या छोट्या गाड्या. दुकानातून प्लास्टिकच्या भागांचं खोकं आणायचं, चिमट्याने एकेक भाग सुटा करायचा, घासायचा, रंगवायचा, जोडायचा. खऱ्या गाडीच्या चोविसाव्या भागाएवढी गाडी तयार होते. पहिले काही महिने मी हसायचो त्यांना. नोव्हेंबरात एका रविवारी दुकानात त्यांच्याबरोबर गेलो आणि फळीवर माझी गाडी दिसली. पांढरी, नाक चपटं, मागे उघडा हौदा. तुम्ही जिला ‘शेळी’ म्हणायचात तीच, त्याच सालची.

शेळी माझी होती, हे तुम्ही सोयीने विसरता. मी तीन हंगाम लोकांच्या बागांतून संत्री तोडली होती तिच्यासाठी. मधमाश्या पाळणाऱ्या कुरोइवा-सानांनी ती विकायला काढली तेव्हा तिच्या गादीत मध सांडून मुंग्या झाल्या होत्या. परवाना मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी मी ती घरी आणली, तुम्ही भोवती एक फेरी मारली, टायरला लाथ घातली आणि म्हणालात, ‘‘शेळी आहे. पण चढेल.’’ आणि चढली. आपल्या बागेच्या त्या वाटेवर, जिथे तुमची आधीची गाडी दोनदा मागे घसरली होती, तिथे शेळी वीस पेट्या घेऊन चढली. त्या दिवशी तुम्ही मला तुमच्या डब्यातला मासा दिलात. इतकं कौतुक तुम्ही आजवर कुणाचं केलेलं मला आठवत नाही.

आता पानाची गोष्ट. तुम्हाला ठाऊक आहे ती, तरी लिहितो. नवा परवाना मिळालेल्याने वर्षभर गाडीच्या पुढे-मागे ते हिरवं-पिवळं पान लावायचं असतं. लोहचुंबकाचं, कुठेही चिकटणारं. मी मोठ्या ऐटीत लावलं होतं. पण तुम्ही गाडी चालवायला बसलात की पहिलं काम म्हणजे खाली उतरून दोन्ही पानं उपटायची. ‘‘मी काय शिकाऊ आहे? तुझी आई जन्मली नव्हती तेव्हापासून गाडी चालवतोय. हे बघून लोक मला रस्ता द्यायला लागतील.’’ ती पानं तुम्ही बागेत पेट्या ओढणाऱ्या रुळगाडीच्या इंजिनावर चिकटवायचात, पत्र्याच्या झाकणावर. मग संध्याकाळी मी गाडी घेतली की परत लावायची. रोजचं भांडण होतं ते आपलं. मला आवडायचं.

गाडी बनवायला मला तीन महिने लागले. ओनोदेरा-सान म्हणाले, पहिलीच आहे, कोरी करकरीत बनव, वसंतात शहरात प्रदर्शन असतं तिथे ठेवू. मी म्हटलं, कोरी नाही, जशी होती तशी. हौद्याला गंज पाहिजे, मागच्या फळीला तार पाहिजे, आणि पुढे डाव्या कोपऱ्यावर पोचा पाहिजे. ते म्हणाले, ‘‘नवीकोरी वस्तू विकत आणून तिला पोचा पाडणारा माणूस मी आज बघतोय. उद्या लग्न करशील आणि बायकोला म्हणशील, आधी जरा म्हातारी हो.’’ पहिला पोचा बिघडला. मी प्लास्टिक शेगडीवर धरलं आणि सगळं नाकाड मेणासारखं ओघळलं. पुन्हा नवं खोकं आणलं. दुसऱ्या वेळी चमचा तापवला आणि हळूच आतून-बाहेरून दाबत गेलो, विमावाल्याने काढलेला फोटो समोर ठेवून. त्या फोटोची प्रत माझ्याकडे आहे. माझ्याच नावावर होती ना गाडी.

तो फोटो मी इतका जवळून कधी बघितला नव्हता. पोच्याची खोली मोजायला म्हणून भिंग लावलं. दिवा फुटलेला, नाकाड आत गेलेलं, मागे शाळेच्या बसथांब्याचा कठडा मोडून पडलेला. आणि नाकाडावर पान नाही. ना तुकडा, ना डाग, ना रस्त्यावर पडलेलं. मी चिमटा खाली ठेवला. ओनोदेरा-सान म्हणाले, काय रे, भूत दिसलं? मी म्हटलं, नाही, दिसायला हवं होतं ते दिसत नाहीये.

तुम्ही आता खुर्चीत हलला असाल. बसा. पुढचं वाचा.

त्या दिवशी ऊन डोळ्यांवर होतं, असं तुम्ही नंतर मला म्हणालात. ऊन पाठीमागे होतं, आजोबा. मी शेजारी बसलो होतो. वळण आलं आणि तुम्ही वळलाच नाहीत, कारण तुम्हाला ते वळण दिसलंच नाही. जन्मभर ज्या रस्त्यावरून गेलात त्यावर. मी ओरडलो, तुम्ही ब्रेक दाबलात, कठडा मोडला. दहा मिनिटांनी त्याच कठड्याला टेकून सहा पोरं बसमधून उतरून उभी राहणार होती. रेडिओ चालूच होता. मग तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, ‘‘माझा परवाना गेला तर बाग गेली. इबुकी, इकडे सरक.’’ तुम्ही उतरलात आणि मी सरकलो. विचार केला नाही. तुम्ही मला वाढवलंत, बाप गेल्यावर माझा हात धरून कलम बांधायला शिकवलंत. तुम्ही सरक म्हणालात, मी सरकलो, एवढंच.

आणि गंमत बघा. चौकीवरचे हवालदार आले तेव्हा माझे गुडघे स्टिअरिंगला टेकले होते, कारण खुर्ची तुमच्या मापाने पार पुढे ओढलेली होती आणि खाली तुमची घोंगडी दुमडून ठेवलेली होती. ते म्हणाले, ‘‘काय रे बांबू, इतका चिकटून बसतोस आणि ब्रेक सापडला नाही?’’ जमलेले सगळे हसले. माझी उंची गावाला माहीत, तुमची उंची गावाला माहीत, त्या पानाशिवाय मी गाडी बाहेर काढत नाही हेही माहीत. कुणालाही काही दिसलं नाही. नवा पोरगा, जुनी गाडी, मोडलेला कठडा. एवढ्यात सगळ्यांचं गणित सुटलं.

मग ती अकरा घरं. त्या सहा पोरांची, शाळेच्या मुख्याध्यापकांचं, संघातल्यांची. अकरा खोकी मिठाई आईने बांधली, आणि मी दारोदार वाकत गेलो. तुम्ही बरोबर होतात. माझ्या शेजारी उभे राहून माझ्यापेक्षा जास्त वाकलात. मला वाटलं, म्हातारा आपली माफी आपणच मागतोय, मागू दे. पण चौथ्या घरी तुम्ही म्हणालात, ‘‘आमचा पोरगा जरा उतावळा आहे.’’ सातव्या घरी म्हणालात, ‘‘मी त्याला सांगत होतो, हळू चालव.’’ नवव्या घरी तुमच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते माझ्यासाठी होतं. माझ्या चुकीसाठी. मी तिथेच समजलो की आता खरं काय ते फक्त मला ठाऊक आहे. गुन्हा अंगावर घेतल्याचं मला दुःख नाही. तुम्ही तो माझा आहे असं मानायला लागलात, त्याचं आहे.

गाव सोडायच्या दिवशी पहाटे मी बागेत गेलो होतो. रुळगाडीच्या झाकणावर दोन्ही पानं तशीच होती, तुम्ही अपघाताच्या सकाळी चिकटवलेली. उन्हाने पिवळा रंग पांढुरका झाला होता. एक काढून घेतलं आणि पिशवीत टाकलं. ते अजून आहे.

आता गाडी बघा. चष्मा घालून. सगळं एका लाकडी फळीवर बसवलंय. फळीच्या एका बाजूला शेळी आहे, नाकाडावर पान नाही. दार उघडतं. आत खुर्ची पार पुढे चिकटवलीय आणि त्यावर घोंगडी आहे, जखमेवर बांधायच्या पट्टीची केलीय, तुमच्या घोंगडीची निळी रेघसुद्धा काढलीय. फळीच्या दुसऱ्या कोपऱ्यात रुळगाडीचं इंजिन आहे, आणि त्याच्या झाकणावर कलिंगडाच्या बीएवढी दोन पानं. ओनोदेरा-सानांनी ती सगळी पाहिली, दार उघडून आत डोकावले. मग म्हणाले, ‘‘प्रदर्शनात नको ठेवायला ही.’’ इतकंच. मी त्यांना एक शब्द सांगितला नव्हता. ज्याला बघायचं असतं त्याला दिसतं.

हे सगळं मी माझ्या नोकरीसाठी लिहीत नाही. शिगेमात्सु-सानांना म्हणावं, गाडीवर दुसरा कुणी ठेवा. गावाने मला उतावळा म्हणावं, बांबू म्हणावं, मला फरक पडत नाही, मी इथे माझ्या पायांवर उभा आहे. पण मागच्या आठवड्यात ताईने फोटो पाठवला. तिच्या मोमोकाला नवं दप्तर घेतलं म्हणून. एप्रिलात शाळेत जाणार, म्हणून पोरगी दप्तर पाठीला लावून तुमच्या नव्या गाडीसमोर उभी आहे, दात पडलेले, हसतेय. ताईने खाली लिहिलंय, ‘आजोबा रोज बालवाडीत सोडतात, शाळेतही तेच सोडणार म्हणतात.’ मी भिंग लावलं, आता सवयच झालीय. पोरीच्या मागे तुमच्या गाडीचा डावा आरसा चिकटपट्टीने बांधलेला आहे. त्याखाली दारापर्यंत लांब ओरखडा आहे, ताजा, आतलं लोखंड चमकतंय. पुन्हा डावी बाजू, आजोबा. तुम्हाला डावीकडचं दिसत नाही, आणि मोमोका डावीकडेच बसते. खोकं शनिवारी पोचेल. त्या क्षणापासून पोरगी तुमच्या गाडीत बसणार नाही, काहीही कारण सांगा, पाय मुरगळला म्हणा. सोमवारी चौकीवर जा आणि परवाना परत करा. म्हातारे लोक करतात, त्यात मरण नाही, उलट बसचं तिकीट स्वस्त होतं. रविवारी संध्याकाळी मी ताईला फोन करणार आहे. त्याआधी तुम्ही तिला सगळं सांगितलं असेल, तर मी नुसती पोरीची चौकशी करीन आणि फोन ठेवीन. नसेल सांगितलं, तर मी सांगेन, वळणापासून अकराव्या घरापर्यंत. मग तुम्ही मला नातू म्हणू नका, चालेल. बागेची काळजी करू नका. तुम्ही परवाना परत केल्याचं ताईने कळवलं की पहिल्या बोटीने निघतो, मिठाई न घेता. खोक्याच्या तळाशी ते खरं पान ठेवलंय, रंग उडालेलं. ते तुमच्या गाडीच्या नाकाडावर लावा आणि वाट बघा. वर्ष केव्हाच उलटलंय, मला त्याची गरज नाही, पण लावा. आजोबा, आता तुम्ही सरका. गाडी मी चालवतो.

तुमचाच, तुमच्या एका शब्दावर सरकलेला,
इबुकी